वाचकांचे प्रश्न : संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम

गेल्या काही महिन्यांत संगणकाविषयी आलेली पत्रे एकत्र वाचली, तेव्हा त्यांतील बहुतेक अडचणींचे मूळ एकाच ठिकाणी असल्याचे जाणवले. यंत्र, त्या यंत्राचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्या आधाराने चालणारे प्रोग्रॅम या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि बिघाड यांपैकी नेमका कशात आहे हे न कळल्यामुळे अनेकांचे पैसे विनाकारण खर्च होतात, क्वचित वर्षानुवर्षांचे लेखनही हातचे जाते. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा संगणक सुरू केला की कंपनीचे चिन्ह दिसते आणि पुढे नुसता काळा पडदा राहतो. दुरुस्तीवाल्याने ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारून नवीन टाकावी लागेल’ असे सांगितले. संगणक चालू तर होतो आहे, मग उडाले ते काय? आणि त्यात असलेल्या माझ्या इतक्या वर्षांच्या टिपणांचे काय होणार?
— निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : आधी टिपणांविषयी. विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ टिपणे गेली असा होत नाही. विंडोजच्या फाइली आणि आपल्या फाइली एकाच डिस्कवर राहत असल्या, तरी पहिल्या बिघडल्या म्हणून दुसऱ्यांना धक्का लागलेलाच असतो असे नाही. धोका आहे तो घाईने केलेल्या फॉरमॅटचा, म्हणजे डिस्क पुसून नव्याने तयार करण्याचा. म्हणून ‘आधी सगळा डेटा बाहेर काढून द्या, तो मी उघडून पाहीन आणि मगच फॉरमॅट करा’ असे दुरुस्तीवाल्याला स्पष्ट सांगावे, शक्यतो पावतीवर तसे लिहून घ्यावे. हे काम अवघड नाही. पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरून संगणक सुरू करता येतो आणि डिस्कवरील फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. अलीकडच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. तसे असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते आणि ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते.

आता उडाले ते काय, याकडे वळू. संगणकाचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी काम सुरू करतो तो मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम राहणारा एक छोटा प्रोग्रॅम. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत, आताच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. तो रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती), कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत की नाहीत हे तपासतो, आणि आपल्याला दिसणारे कंपनीचे चिन्हही त्याच वेळी पडद्यावर येते. तपासणी झाली की तो डिस्कवरील बूटलोडरला हाक देतो. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणून ठेवतो. आणि तिथून पुढे यंत्राचा ताबा कर्नलकडे जातो. आपला संगणक पहिली पायरी ओलांडून पुढे कुठे तरी अडतो आहे, म्हणजे यंत्राचा बराचसा भाग शाबूत आहे. मात्र ‘बराचसा’ हा शब्द मी जाणून वापरला आहे, कारण विंडोजच्या फाइली बिघडण्याचे कारण पुष्कळदा खुद्द डिस्क मरणपंथाला लागलेली असणे हे असते. तिची तपासणी न करता त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकली, तर काही आठवड्यांत पुन्हा तोच प्रसंग येईल. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते, त्या नोंदीला स्मार्ट अहवाल म्हणतात, आणि तो पाहायला काही मिनिटे पुरतात. तो पाहिला का, हे आवर्जून विचारावे.

ऑपरेटिंग सिस्टीमचे काम समजून घ्यायचे, तर एसटी स्थानकावरील वाहतूक नियंत्रक डोळ्यांसमोर आणावा. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, किती वेळ थांबेल आणि कोणती आधी सुटेल हे गाड्यांचे चालक आपापसांत ठरवत नाहीत; फलाट थोडे आणि गाड्या पुष्कळ असल्यामुळे ते ठरवणारा एक जण लागतो. संगणकात फलाटांच्या जागी प्रोसेसर, रॅम, डिस्क, पडदा, छपाईयंत्र अशी मोजकी साधने असतात आणि ती मागणारे प्रोग्रॅम शेकडो असतात. आपण केवळ एक पत्र लिहीत बसलेल्या असलात, तरी त्याच वेळी घड्याळ, आवाज, इंटरनेट, व्हायरसपासून संरक्षण अशा कितीतरी गोष्टी मागे चालू असतात. कर्नल प्रत्येकाला प्रोसेसरचा काही मिलिसेकंदांचा वाटा देतो, वेळ संपली की त्याला बाजूला करून दुसऱ्याला पुढे घेतो, आणि हे इतक्या वेगाने चालते की सर्व कामे एकाच वेळी होत असल्याचा आपल्याला भास होतो.

एक अगदी लहान घटना पाहू. आपण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड पद्धतीने टंकलेखन करता असे समजून ‘क’ ची कळ दाबली, तर कीबोर्डला ते अक्षर ‘क’ आहे हे ठाऊकच नसते. तो फक्त अमुक क्रमांकाची कळ दाबली गेल्याचे कळवतो. कीबोर्डचा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा सिस्टीमचा भाग, हा क्रमांक आत घेतो. आपण निवडलेली भाषा मराठी आहे हे पाहून सिस्टीम त्या कळीचे रूपांतर युनिकोड या सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील ‘क’ च्या ठरावीक संकेतांकात करते. उघड्या असलेल्या खिडक्यांपैकी आत्ता कोणती पुढे आहे हे तिलाच माहीत असल्यामुळे ते अक्षर ती नेमक्या त्याच प्रोग्रॅमच्या हवाली करते. पुढे फॉन्टमधील आकृती काढून ती पडद्यावर उमटवण्यासाठी प्रोग्रॅम पुन्हा सिस्टीमचीच मदत घेतो. पत्र साठवताना तर प्रोग्रॅमला डिस्कला हातही लावता येत नाही. तो कर्नलकडे विनंती करतो, कर्नल परवानगी तपासतो, डिस्कवरील मोकळी जागा शोधतो, तिथे मजकूर लिहितो आणि तो कुठे लिहिला याची नोंद ठेवतो. प्रोसेसरमध्येच अशी सोय असते की काही आज्ञा केवळ कर्नलच देऊ शकतो आणि इतर कोणी त्या देऊ पाहिल्यास त्याला तिथेच थांबवले जाते. त्यामुळेच एखादा प्रोग्रॅम कोलमडला, तरी सहसा बाकीचा संगणक चालू राहतो.

आपल्या संगणकातून उडाली आहे ती ही व्यवस्था. ती पुन्हा बसवता येते, आणि कित्येकदा संपूर्ण फॉरमॅट न करता विंडोजच्याच दुरुस्तीच्या सोयीने, ‘रीसेट धिस पीसी’ मधील ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय निवडून काम भागते. त्यात आपल्या फाइली राहतात, मात्र वरून बसवलेले प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागतात. तरीही आधी डेटा बाहेर काढण्याला पर्याय नाही. आणखी एक सांगावेसे वाटते. ‘सी’ मध्ये विंडोज आणि ‘डी’ मध्ये कामाच्या फाइली ही आपल्याकडच्या दुकानांतली रीत चांगली आहे, पण त्याला बॅकअप समजू नये. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि ती डिस्क गेली की दोन्ही एकदमच जातात. टिपणांची एक प्रत घरातील दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर असू द्यावी.

प्रश्न : माझ्या संगणकात आधी ४ जीबी रॅम होती. वेग वाढावा म्हणून आणखी ४ जीबी बसवली. पण संगणक ‘८ जीबी’ असे लिहून पुढे कंसात सव्वातीन जीबीच वापरण्यायोग्य असल्याचे दाखवतो. दुकानदाराने मला खराब रॅम दिली का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

उत्तर : संगणकाने ८ जीबी ओळखली आहे, त्या अर्थी रॅम खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. आपण सोबत पाठवलेल्या चित्रात ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, ६४-बिट प्रोसेसर’ असे दिसते, आणि कारण तिथेच आहे. रॅममधील प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो. ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत, लिहिता येतील असे वेगवेगळे पत्ते ४,२९,४९,६७,२९६ होतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यांतले काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून रॅमच्या वाट्याला सव्वातीन जीबीच्या आसपास उरते. यापलीकडच्या पत्त्यांपर्यंत पोहोचण्याचे तंत्र प्रोसेसरमध्ये आहे, पण ३२-बिट विंडोज १० त्याचा उपयोग करून ४ जीबीची मर्यादा ओलांडत नाही.

आपला प्रोसेसर ६४-बिट असल्यामुळे उपाय सोपा आहे : त्याच विंडोजची ६४-बिट आवृत्ती बसवावी. ३२ वरून ६४ वर थेट बढती मिळत नाही, सिस्टीम नव्याने बसवावी लागते, म्हणून आधी डेटा बाहेर काढावा. होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, अशी तीच श्रेणी ठेवल्यास विंडोज १० चा परवाना पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. असे संगणक शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अजूनही आढळतात; रॅम वाढवण्याचा प्रस्ताव देण्यापूर्वी सिस्टीम किती बिटची आहे हे पाहण्याचा नियम प्रत्येक संस्थेने करायला हवा.

प्रश्न : आम्ही कार्यालयातील संगणक रोज संध्याकाळी न चुकता शट डाउन करतो. तरीही अधूनमधून छपाई अडकते आणि संगणक जड चालतो. देखभालीचा माणूस येतो, फक्त रीस्टार्ट करतो आणि सगळे सुरळीत होते. रोज बंद करून चालू करण्याने जे होत नाही, ते रीस्टार्टने कसे होते?
— लिपिक, सहकारी पतसंस्था, बार्शी

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आणली आणि बहुतेक संगणकांत ती आपोआप चालू असते. ती चालू असताना शट डाउन केले, तर आपण उघडलेले प्रोग्रॅम आणि आपले लॉगिन बंद होते, पण कर्नल, ड्रायव्हर आणि मागे चालणाऱ्या सेवा खऱ्या अर्थाने बंद होत नाहीत. रॅममधील त्यांची त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी डिस्कवरील एका फाइलीत उतरवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच परत उचलली जाते. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो, ज्या संगणकात फिरती हार्ड डिस्क आहे त्यात तर हा फरक ठळक जाणवतो. पण काल एखाद्या सेवेत अडकलेले काम आजही अडकलेलेच राहते. रीस्टार्टमध्ये मात्र ही फाइल वापरली जात नाही. कर्नलपासून सर्व काही नव्याने रॅममध्ये येते.

छपाईच्या बाबतीत हे विशेष जाणवते. आपण ‘प्रिंट’ म्हटल्यावर कागदपत्र थेट प्रिंटरकडे जात नाही. स्पूलर नावाची सेवा ते एका रांगेत घेते आणि प्रिंटर मोकळा होईल तसे पुढे पाठवते, म्हणूनच छपाई चालू असताना आपल्याला दुसरे काम करता येते. रांगेतील पहिलेच कागदपत्र अडकले की मागची सर्व खोळंबतात. ही सेवा शट डाउननंतरही त्याच अवस्थेत परत येऊ शकते.

याची खात्री आपल्याला स्वतःच करता येईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या विभागात ‘सीपीयू’ निवडले की खाली ‘अप टाइम’ दिसतो. आपण काल संध्याकाळी संगणक बंद केलेला असूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसला, तर फास्ट स्टार्टअप चालू आहे हे नक्की. आठवड्यातून एकदा, कामाच्या अखेरीस शट डाउनऐवजी रीस्टार्ट करण्याची सवय लावली तरी आपला प्रश्न बराचसा सुटेल. ही सोय कायमची बंद करायची असल्यास कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ मध्ये जाऊन पॉवर बटणांच्या कामाविषयीच्या पानावर ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढावी. ज्या संगणकांत एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क आहे त्यांत ती बंद ठेवण्याने वेळेचा तोटा नगण्य असतो, आणि कार्यालयीन वापरासाठी माझा सल्ला ती बंद ठेवण्याचाच आहे.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये पहिल्या विभागात कोणता प्रोग्रॅम किती रॅम आणि प्रोसेसरचा किती वेळ घेतो आहे हेही दिसते. संगणक जड चालला की रीस्टार्ट करण्यापूर्वी तिथे एकदा नजर टाकून आकडे लिहून ठेवावेत. देखभालीच्या माणसाला त्याचा खरा उपयोग होईल.

प्रश्न : मी लग्नसमारंभाचे चित्रण करतो. एका ग्राहकाला साडेसहा जीबीची एक फाइल पेन ड्राइव्हवर द्यायची होती. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा आणि पूर्ण रिकामा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. ड्राइव्ह बनावट असेल का?
— छायाचित्रकार, चिपळूण

उत्तर : बनावट ड्राइव्ह बाजारात असतात हे खरे, पण या संदेशाचे कारण वेगळे आहे. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह स्वतः केवळ क्रमांक घातलेले कप्पे पुरवतो. कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे, तिचे नाव काय, आकार किती याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टीम ज्या पद्धतीने मांडते तिला फाइल सिस्टीम म्हणतात. ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीने तयार करून विकले जातात. त्या पद्धतीत फाइलीचा आकार लिहायला ३२ बिटांचा एकच रकाना आहे, म्हणून एक फाइल ४ जीबीला एक बाइट कमी, याहून मोठी असूच शकत नाही. जागा कितीही शिल्लक असली तरी त्या रकान्यात साडेसहा जीबीचा आकडा मावत नाही.

ड्राइव्हवर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट’ निवडावे आणि फाइल सिस्टीम म्हणून एक्सफॅट घ्यावी. फॉरमॅट केल्याने आतले सर्व पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची पद्धत, हाही पर्याय आहे, पण ॲपलचा मॅक संगणक एनटीएफएस ड्राइव्हवरील फाइल वाचतो, त्यावर स्वतःहून काही लिहीत नाही. एक्सफॅटवर विंडोज आणि मॅक दोन्ही वाचतात आणि लिहितात, आणि लिनक्समध्येही २०१९ पासून तिचा आधार कर्नलमध्येच आहे. अडचण येते ती जुन्या टीव्ही संचांची. त्यांतील काहींना फक्त फॅट३२ कळते. म्हणून ग्राहक चित्रण कशावर पाहणार आहे हे विचारून घ्यावे, आणि टीव्ही जुना असेल तर मूळ चित्रणाचेच ४ जीबीहून लहान असे दोन भाग करून द्यावेत.

आपल्या व्यवसायात आणखी एक काळजी अत्यावश्यक आहे. कॉपी पूर्ण झाल्याची पट्टी पडद्यावरून गेली, तरी सगळा मजकूर ड्राइव्हवर उतरलेला असेलच असे नाही. वेग वाढवण्यासाठी सिस्टीम काही मजकूर रॅममध्ये राखून नंतर लिहू शकते. विंडोजची अलीकडची रचना पेन ड्राइव्हच्या बाबतीत असे साठवणे टाळते, पण मॅक आणि लिनक्समध्ये ते सर्रास होते, आणि कोणत्याही सिस्टीममध्ये लिहिणे चालू असताना ड्राइव्ह ओढून काढला तर हिशेबाची नोंदच अर्धवट राहते. लग्न पुन्हा चित्रित करता येत नाही. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ड्राइव्ह काढू नये, आणि ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तो पुन्हा लावून चित्रण मधून आणि शेवटून चालवून पाहावे.

प्रश्न : १ टीबीची डिस्क घेतली, संगणक ९३१ जीबीच दाखवतो. उरलेली जागा विंडोज खाते का?
— वाचक, अकोला

उत्तर : नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्ये इतके बाइट धरतात. विंडोज १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. पहिल्या संख्येला दुसरीने भागल्यास ९३१ येतात. तीच डिस्क मॅकला लावली तर १ टीबीच दिसेल, कारण ॲपलने २००९ पासून दशमान मोजणी स्वीकारली आहे.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात सुमारे दहा वर्षांपूर्वीचे चार संगणक आहेत, प्रत्येकात ४ जीबी रॅम आणि विंडोज १० आहे. ‘विंडोज १० बंद झाली, चारही संगणक बदला’ असे आम्हाला सांगण्यात आले. तेवढा निधी नाही. सभासद त्यांवर वृत्तपत्रे वाचतात, अर्ज भरतात. आम्ही पत्रव्यवहार आणि पुस्तकांची नोंद करतो. लिनक्स फुकट असते असे ऐकले. ती आम्हाला जमेल का, आणि मराठीचे काय?
— ग्रंथपाल, गडहिंग्लज

उत्तर : विंडोज १० बंद पडलेली नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिचा सर्वसाधारण आधार थांबवला, म्हणजे तिच्यात नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भगदाडांवर आता नेहमीप्रमाणे ठिगळ मिळत नाही. संगणक पूर्वीसारखाच चालतो, पण जसजसा काळ जाईल तसतसा इंटरनेटवर तो अधिक उघडा पडत जातो. घरगुती संगणकांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची एका वर्षाची योजना कंपनीने जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे तोही तात्पुरताच आधार आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचे असल्यास सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे आपले संगणक त्यात बसणार नाहीत. आडमार्गाने ती बसवून देणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नये, कारण पुढची अद्यतने मिळतील याची हमी त्यात नसते. सार्वजनिक संगणकांवर लोक आधार क्रमांक, बँकेचे तपशील भरतात, तिथे असा धोका पत्करणे योग्य नाही.

आपले काम पाहता लिनक्स आपल्याला निश्चित जमेल, आणि चार चालते संगणक भंगारात घालण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी पटींनी बरा वाटतो. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि वर्षभरात तिचा गाभा अशा परवान्याखाली खुला केला की तो कोणीही वापरावा, वाचावा, बदलावा आणि वाटावा. त्या आधीपासून, १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेल्या ग्नू प्रकल्पात सिस्टीमला लागणारी इतर साधने तयार होत होती. दोन्ही एकत्र आल्यावर पूर्ण वापरायोग्य सिस्टीम उभी राहिली. हा गाभा, साधने आणि पडद्यावरची मांडणी एकत्र बांधून जे संच दिले जातात त्यांना डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, उबुंटू, मिंट ही त्यांतली परिचित नावे. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने डेबियनवर आधारलेला ‘बॉस’ हा संच भारतीय भाषांचा विचार करून तयार केला आहे. ही सिस्टीम फुकट आहे म्हणून कामचलाऊ असेल, ही शंका मनात आणू नये : जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आहेत.

चार जीबी रॅमच्या संगणकासाठी मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. लगेच विंडोज काढू नये. आधी ती पेन ड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू करावा. डिस्कवर काहीही न बसवता ती संपूर्ण वापरून पाहता येते. त्या अवस्थेत वाय-फाय जोडले जाते का, आपला प्रिंटर छापतो का, हे आवर्जून पाहावे, कारण लिनक्समध्ये अडचण आली तर ती बहुधा प्रिंटर किंवा स्कॅनरच्या ड्रायव्हरचीच येते. सर्व ठीक वाटल्यास आधी एकाच संगणकावर ती बसवावी, सभासदांना महिनाभर वापरू द्यावी आणि मग उरलेल्या तिघांचा विचार करावा. काही निधी हाताशी असेल, तर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी घालावी. जुन्या संगणकाला त्याहून गुणकारी असा खर्च दुसरा नाही. पुस्तकांच्या नोंदीसाठी कोहा हा ग्रंथालयांचा मुक्त प्रोग्रॅम लिनक्सवरच चालतो आणि त्यात मराठी नोंदी व्यवस्थित होतात. हिशेब टॅलीत होत असेल, तर तो एक संगणक विंडोजवरच ठेवावा. टॅलीचा प्रोग्रॅम मूळचा विंडोजसाठीचा आहे.

मराठीचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. युनिकोडमधील मराठी लिनक्समध्ये वाचता येते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतो आणि लिबरऑफिस या लेखनाच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये पत्रव्यवहार उत्तम होतो. घोटाळा होईल तो आपल्या जुन्या कागदपत्रांत. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे जे मराठी फॉन्ट वापरले जात, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने त्या फाइलीत मराठी नसतेच, म्हणून तिच्यात ‘ग्रंथालय’ हा शब्द शोधला तरी सापडणार नाही. अशा फाइलींचे रूपांतर युनिकोडमध्ये करून देणारी साधने उपलब्ध आहेत. सिस्टीम बदलण्याच्या निमित्ताने वार्षिक अहवाल आणि जुनी पुस्तकसूची तरी रूपांतरित करून घ्यावी, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासावेत. चुका तिथेच राहतात. वाचनालयाचा इतिहास एका फॉन्टच्या भरवशावर ठेवणे मला फार जोखमीचे वाटते.

प्रश्न : मोबाइललाही ऑपरेटिंग सिस्टीम असते का? ॲप बसवताना ते संपर्क, कॅमेरा, संदेश यांची परवानगी मागते. ती नाकारली तर फोन बिघडेल का?
— गृहिणी, म्हापसा

उत्तर : असते. आयफोन सोडला तर आपल्याकडच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये अँड्रॉइड असते, आणि अँड्रॉइडचा गाभा म्हणजे वर सांगितलेल्या लिनक्सचाच कर्नल. अनेक माणसे एकच संगणक वापरत तेव्हा एकाच्या फाइली दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळे खाते देण्याची जी जुनी व्यवस्था होती, ती अँड्रॉइडने फोनमध्ये ॲपना लावली. प्रत्येक ॲप सिस्टीमच्या दृष्टीने वेगळा वापरकर्ता असतो, त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याची खासगी माहिती सरळ वाचता येत नाही. संपर्क, कॅमेरा, संदेश हे सर्वांच्या सामायिक मालकीचे असल्याने त्यांसाठी सिस्टीम आपल्याला विचारते.

परवानगी नाकारल्याने फोन बिघडत नाही. फार तर त्या ॲपचे तेवढे काम अडेल, आणि ते काम आपल्याला हवे असेल तर परवानगी नंतरही देता येते. नकाशाला ठिकाण लागते, हे समजण्यासारखे आहे. टॉर्चच्या ॲपला संपर्कांची यादी लागण्याचे काहीच कारण नाही. संदेश वाचण्याच्या परवानगीबाबत विशेष जपावे, कारण बँकेचे ओटीपी तिथेच येतात. त्याहूनही मोठी म्हणजे ‘ॲक्सेसिबिलिटी’ ची परवानगी. अंध व्यक्तींना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपसाठी ती आहे, आणि ती मिळालेले ॲप पडद्यावरचे सर्व वाचू शकते, आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. कोणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून ॲप बसवायला आणि ही परवानगी द्यायला सांगत असेल, तर ते ॲप बसवू नये. आधीच बसवले असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडून त्यातील अनोळखी नाव बंद करावे, ॲप काढून टाकावे आणि लगेच बँकेला कळवावे. पैसे गेल्याचे दिसल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच वेळी फोन करावा.